'कशावरून?' विचारणाऱ्या बाई

बाईंना 'बरोबर' हा शब्द येत नसे. आम्ही उत्तर दिलं की त्या मान एका बाजूला कलती करून म्हणत, "असेल." मग थोडं थांबून, "कशावरून?" पुस्तकात आहे म्हणून, असं कुणी म्हणालं की म्हणत, "पुस्तकाला कुणी सांगितलं?" आठवीच्या पहिल्या महिन्यात वर्गातल्या निम्म्या पोरी या 'कशावरून'ला घाबरून हात वर करायच्या बंद झाल्या होत्या. दिवाळीपर्यंत त्याच पोरी घरी आईला विचारायला लागल्या, आणि गावातल्या आया शाळेत तक्रार घेऊन यायला लागल्या.

आमचं गाव पाचोऱ्यापासून बसनं अर्ध्या तासावर. शाळा एका संस्थेची, संस्थेचं कार्यालय धुळ्याला. बाई विज्ञान शिकवायच्या. पाचोऱ्याहून स्कूटीवर यायच्या. साडीखाली पांढरे बूट, पुढे पायाशी प्लास्टिकचं क्रेट आणि त्यात बरण्या, दोऱ्या, तराजू, कधी चार बेडूक. उन्हाळ्यात आमच्याकडे माणसं रस्त्यावर दिसत नाहीत, तेव्हा भर दुपारी ही बाई शाळेच्या पत्र्यावर चढून थर्मामीटर वाचत असे. लोक म्हणत, लग्न मोडलं म्हणून डोक्यावर परिणाम झालाय. मी एकदा धीर करून त्यांना हे सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं होत नाही," म्हणाल्या. "मी लग्नाआधीही अशीच होते. माझ्या आईला विचार."

प्रयोगाच्या वहीबद्दल त्यांचा एक नियम होता. आधीच्या सरांच्या काळात आम्ही निष्कर्ष आधी लिहायचो आणि प्रयोग जमला तर करायचो. बाईंनी सगळ्या वह्या गोळा केल्या, कोऱ्या वह्या दिल्या आणि सांगितलं, "जे दिसलं ते लिहायचं. जे दिसायला हवं होतं ते नाही." त्या वर्षी तपासणीला साहेब आले. त्यांनी एक वही उघडली. पाणी उकळलं सत्त्याण्णव अंशांवर. दुसरी उघडली, तिच्यातही सत्त्याण्णव.

"बाई, शंभर पाहिजे ना?" साहेब म्हणाले.

"थर्मामीटर जुना आहे, साहेब. तीन अंश कमी दाखवतो. पोरींनी तो बर्फात घालून शोधून काढलंय, पुढच्या पानावर आहे."

"पण शंभर लिहायला काय हरकत होती?"

"खोटं होतं, एवढीच," बाई म्हणाल्या. साहेबांनी पुढचं पान उघडलं नाही. त्यांच्या शेऱ्यात 'विद्यार्थिनींना मूलभूत माहिती नाही' असं आलं. बाईंनी तो शेरा सूचनाफलकावर लावला आणि खाली खडूनं लिहिलं, 'कशावरून?' हेडसरांनी दुपारी तो काढला, बाईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला.

त्यांचा भरिताचा तास तर अजून गावात सांगतात. आमच्याकडे प्रत्येकाची खात्री असते की कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आपण डोळे मिटून ओळखू. बाईही म्हणाल्या, मीही ओळखते. मग त्यांनी विचारलं, "हे खरं आहे का, हे कसं कळेल?" दोन दिवस आम्ही तेच ठरवत होतो. वांगी एकाच शेतातली हवीत. तेल, मिरची, लसूण मोजून सारखं हवं. दहा वाट्या, पाच काड्यांवरच्या, पाच गॅसवरच्या. कुठली कुठे हे वाढणारीला माहीत नको, नाहीतर तिच्या तोंडावरून कळेल. आणि आधी लिहून ठेवायचं की दहापैकी किती ओळखली म्हणजे मानायचं. नुसत्या अंदाजानंही पाच येतातच.

हेडसर चार ओळखून गेले आणि मसाला कमी होता म्हणाले. बाईंना पाच आली. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाईंचा दावा चुकला', आणि खाली सही केली. तो फळा त्यांनी दिवसभर पुसू दिला नाही. सगळ्यांत शेवटी शिपाई मावशींनी चव घेतली. त्यांनी नऊ ओळखली. बाई खुर्चीवरून उठल्या, मावशींसमोर बसल्या आणि वही उघडून म्हणाल्या, "मावशी, आता मला सांगा. कसं कळतं?" मावशी लाजल्या. मग म्हणाल्या, गॅसवर वांगं वरून जळतं पण आतून पाणचट राहतं, जिभेला समजतं. बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला. शाळेत मावशींना खुर्ची द्यायची पद्धत नव्हती. त्या दिवशी बाईंनी दिली.

आता नानांबद्दल सांगायला हवं, कारण बाईंची गोष्ट त्यांच्याशिवाय पुरी होत नाही.

माझ्या वडिलांना घरीदारी सगळे नाना म्हणत. नाना पाणाडी होते. तळहातावर आडवा नारळ ठेवून शेतातून चालत जायचे. जिथे नारळ उभा राहील तिथे खाली पाणी. आसपासच्या दहा गावांत विहीर किंवा बोअर घ्यायचा तर नानांना बोलावणं असे. ते कुणाकडून पैसा घेत नसत. तोच नारळ फोडून प्रसाद वाटला की झालं. लग्नाच्या पंगतीत नानांना पहिल्या रांगेत बसवत. मला त्याचा फार अभिमान होता.

नववीत बाईंनी सांगितलं, गावात सगळे मानतात अशी एकेक गोष्ट चिठ्ठीवर लिहा. मग त्या चिठ्ठ्या वाचून दाखवू लागल्या. एका चिठ्ठीवर माझ्या नानांचं नाव होतं: यांच्या हातात नारळ उभा राहतो तिथे पाणी असतं. बाईंनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही ठेवायची की फाडायची, ते तू सांग. फाडलीस तर कुणी काही बोलणार नाही, मीही नाही."

मी उठून उभी राहिले. "ठेवा," म्हटलं. "नाना जिंकतील."

"असेल," बाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्या घरी आल्या. नाना ओसरीवर बसले होते. बाईंनी बूट काढले, खाली बसल्या आणि सरळ विचारलं, "नाना, नारळ खरंच पाणी दाखवतो का, हे पोरींना तपासायचं आहे. तुमची तयारी असेल तरच. आणि कसं तपासायचं ते तुम्ही ठरवायचं. तुम्हाला जी पद्धत खोटी वाटेल ती आम्ही करणार नाही."

आईनं चहा ठेवला तो आपटूनच. नाना मात्र बाईंकडे वळून बसले. त्यांना आजवर कुणी नमस्कार केला होता, कुणी पाठीमागे हसलं होतं. असं समोर बसून विचारलं नव्हतं कुणी.

"टाक्यामा भरेल पानी नको," ते म्हणाले. "थांबेल पानी बोलत नही. व्हातं पाहिजे."

"वाहतं घेऊ," बाई म्हणाल्या आणि वहीत लिहिलं.

तीन संध्याकाळी हे चाललं. नाना एकेक अट घालत, बाई लिहीत, कधी उलट विचारत. शेवटी ठरलं ते असं. एका केळीवाल्या आबांचं शेत रिकामं होतं. तिथे ठिबकचे पाच जाड पाइप वेगवेगळ्या चरांत पुरायचे, वर माती सारखी करायची. पाचही पाइपांचे व्हॉल्व्ह एका टोकाला, हिरव्या जाळीच्या आड. तिथे दोन मुली. त्या डब्यातून चिठ्ठी काढणार, तो पाइप सुरू करणार, नंबर वहीत लिहिणार आणि मग थाळी वाजवणार. थाळी वाजली की नाना शेताच्या दुसऱ्या टोकाला पाइपांवरून चालणार आणि सांगणार कितवा. त्यांच्याजवळ लिहायला जी मुलगी, तिला खरा नंबर माहीत नसणार; बाईंनाही नाही. असं वीस वेळा.

"किती आले म्हणजे तुम्ही जिंकलात म्हणायचं?" बाईंनी विचारलं.

"वीस," नाना म्हणाले. मग हसले. "उन्हानी एखादी चूक व्हयी. अठरा लिखा."

"डोळे मिटून कुणीही सांगितलं तरी चारेक येतील, हेही लिहिते." नानांनी मान डोलावली आणि कागदावर सही केली. बाईंनीही केली.

हेडसरांनी शाळेच्या मैदानाला आधीच परवानगी नाकारली होती, वर सांगितलं होतं की शाळेच्या नावानं हे करायचं नाही. बाई म्हणाल्या, "मैदान तुमचं, सर. रविवार माझा."

रविवारी सकाळी अर्धं गाव बांधावर उभं होतं. कोण कुठे थांबणार याच्याही चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि व्हॉल्व्हवर माझं नाव आलं. आधी सगळ्यांना सांगून तीन नंबरचा पाइप सुरू केला. नाना चालत गेले आणि तिसऱ्यावर नारळ सर्रकन उभा राहिला. "आज हात चालू शे," ते म्हणाले. बांधावर लोक खूश झाले. मीही जाळीआड खूश होते.

मग खरं सुरू झालं. पहिली चिठ्ठी पाच. मी पाचवा उघडला, लिहिलं, थाळी वाजवली. लांबून नानांचा आवाज आला, "दोन." मला वाटलं, सुरुवात आहे. दुसरी चिठ्ठी एक. नाना म्हणाले, "चार." तिसऱ्या वेळी बरोबर आलं आणि माझ्या जिवात जीव आला. नंतर पुन्हा चूक, पुन्हा चूक. दरवेळी नानांचा आवाज तसाच खणखणीत, कारण दरवेळी नारळ त्यांच्या हातात उभा राहत होता. ते जिंकताहेत असं त्यांना वाटत होतं. बांधावरच्या लोकांनाही. हरताहेत हे त्या सगळ्या शेतात फक्त मला आणि माझ्या शेजारच्या मैत्रिणीला माहीत होतं.

बाराव्या वेळी मैत्रीण पाणी प्यायला वळली होती. मी चिठ्ठी काढली: दोन. दुसरा व्हॉल्व्ह उघडला. लिहायच्या आधीच थाळी वाजवली. नाना म्हणाले, "चार." वहीतली ओळ कोरी होती आणि पेन माझ्या हातात होतं. चार लिहिलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. मला आजही ती ओळ दिसते. मी दोन लिहिलं. मग इतकी रडले की मैत्रिणीनं पुढचे तीन व्हॉल्व्ह एकटीनं उघडले. का लिहिलं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. नानांनी स्वतः घातलेल्या अटी होत्या. मी खोटं लिहिलं असतं, तर जिंकले असते ते नाना नसते.

वीसपैकी पाच.

दोन्ही वह्या शेजारी ठेवून बाईंनी आकडा मोठ्यानं वाचला आणि वही आधी नानांच्या हातात दिली. नाना आकडा न् आकडा बघत होते. बांधावरचे लोक हळूहळू पांगले.

"मी लबाडी करी नही," नाना म्हणाले.

"माहीत आहे, नाना. नारळ उभा राहिला, आम्ही सगळ्यांनी पाहिलं."

"मंग त्याले उभं कोनी करं?"

"तुमच्याच हातानं, तुम्हाला न कळता, असं जाणकार म्हणतात," बाई म्हणाल्या. "पण ते आज आपण तपासलं नाही. म्हणून मी तसं म्हणणार नाही."

कुणीतरी मोबाइलवर चित्रीकरण केलं होतं. संध्याकाळपर्यंत ते गावागावांत फिरलं, 'शाळेच्या पोरींनी पाणाड्याचं पितळ उघडं पाडलं' अशा मथळ्याखाली. दुसऱ्या दिवशी तालुक्याचा एक वार्ताहर शाळेत आला. त्याला बाईंचा नारळ घेऊन फोटो हवा होता. अंधश्रद्धेवर विज्ञानाचा विजय, असं काहीतरी.

"एक माणूस, पाच पाइप, वीस वेळा. एवढंच लिहा," बाई म्हणाल्या. "आणि पाणाड्यानं सगळ्या अटी स्वतः घालून, सगळ्यांसमोर स्वतःला तपासू दिलं, हे लिहा. पितळ-बितळ छापलंत तर मी तुमच्या दारात येऊन बसेन."

"मग त्यात बातमी काय?" तो म्हणाला आणि गेला. त्यानं काहीच छापलं नाही.

गाव मात्र चिडलं होतं. आमच्यावर नाही, बाईंवर. नानांनी दाखवलेल्या विहिरींचं पाणी पिऊन मोठी झालेली माणसं होती ती. त्यांना तो स्वतःचा अपमान वाटला. तक्रार संस्थेकडे गेली. बाईंनी लेखी माफी मागावी असं पत्र आलं. बाईंनी त्याच पत्राच्या पाठीवर उत्तर लिहिलं: 'प्रयोगात चूक असेल तर दाखवावी, मी फळ्यावर लिहीन. चूक नसेल तर माफी कशाची?'

मग चौकशी लागली आणि नानांना धुळ्याला बोलावलं. नाना मला बरोबर घेऊन गेले. पाचोऱ्याहून आम्ही एसटीनं गेलो. त्यांनी लग्नात घालतात तो सदरा घातला होता. कार्यालयात टेबलामागे संस्थेचे अध्यक्ष आणि दोन सभासद. एका बाजूच्या खुर्चीवर बाई, बुटांसकट. अध्यक्षांनी नानांना आदरानं बसवलं, पाणी दिलं आणि एक टाइप केलेला कागद पुढे केला. "तुमच्या वतीनं लिहून ठेवलंय, नाना. फक्त सही करा."

नानांनी कागद मला वाचायला सांगितला. मी वाचला. 'सदर शिक्षिकेने मला फसवून, माझ्या वयाचा मान न ठेवता, विद्यार्थिनींसमोर माझी विटंबना केली.'

नानांनी कागद घडी करून टेबलावर ठेवला. "पाइप मी मोजात. अटी मन्या. कागदवर सही मनी शे," ते म्हणाले. "हारनू ते मी हारनू. त्यामा बाईंना काय गुन्हा शे?"

"अहो, पण गावात तुमची काय पत राहिली?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते मी आनि मनं गाव देखी लेसूत. तुम्ही नका देखू."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नाही, त्या दिवशीही पाहिलं असं म्हणणार नाही, कारण त्यांची पाठ माझ्याकडे होती.

तरी बदली झालीच. सातपुड्याच्या पायथ्याला संस्थेची एक शाळा होती, जिथे कुणी जायला तयार नसे. बाईंनी निरोपसमारंभ नको म्हणून सांगितलं. शेवटच्या दिवशी शेवटचा तास पूर्ण घेतला आणि घंटा झाल्यावर म्हणाल्या, "एक काम राहिलं. नानांनी दाखवलेल्या जागी किती वेळा पाणी लागलं, आणि नानांना न विचारता खोदलं तिथे किती वेळा? पाइपांनी याचं उत्तर दिलेलं नाही. कुणाला वेळ असेल तर शोधा." आणि क्रेट घेऊन गेल्या.

मी पुढे त्यांना एकदाच भेटले. तेव्हा मी धुळ्याला एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते. त्या शाळेत गेले तर बाई व्हरांड्यात जमिनीवर बसलेल्या, आणि सातवीतली एक मुलगी कमरेवर हात ठेवून त्यांना सांगत होती की मोहाच्या बियांची तुमची मोजणी चुकली. बाई म्हणत होत्या, "असेल. कशावरून?" मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "थांब जरा, हिचं होऊ दे."

पण विहिरींचं राहिलं. बाई गेल्या त्याच उन्हाळ्यात आम्ही चार जणी वही घेऊन शेताशेतांतून हिंडलो. कुणी हुसकावलं, कुणी ताक दिलं. श्रावण सरता सरता यादी पूर्ण झाली, तेव्हा दोन्ही बाजूंचा हिशेब जवळजवळ सारखाच निघाला. नानांच्या बाजूला किंचित जास्त. मी ती वही बाईंना पोस्टानं पाठवली. मनात थोडी आशा होती. आठवड्यानं वही परत आली. कौतुकाचा शब्द नव्हता. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात एकच ओळ होती: 'ज्यांना पाणी लागलं नाही त्या विहिरी लोकांनी बुजवल्या असतील. त्या तुम्हाला कुणी दाखवल्या?'

मी ती ओळ ओसरीवर मोठ्यानं वाचली. नाना शेजारीच बसले होते. पाणाड्याच्या मुलीला त्याच्या फसलेल्या जागा कोण दाखवणार? आणि ज्या बुजल्या, त्या कुठे होत्या हे आता कुणाला आठवणार?

नाना आत गेले. टोपी घालून बाहेर आले, काठी घेतली. "वही ले," म्हणाले.

पहिल्यांदा ते मला गावाबाहेर एका कपाशीच्या शेतात घेऊन गेले. पीक कमरेएवढं, जमीन सपाट. तिथे कधी काही खणलं होतं याची खूणसुद्धा नव्हती. नाना सरींमधून मोजत चालत गेले आणि एका जागी थांबून त्यांनी काठी टेकवली.

"अठे मी सांगेल व्हतं. पन्नास फूट खंदं. लागनं नही," ते म्हणाले. "लिख."

मी लिहिलं. नाना पुढच्या शेताकडे चालू लागले होते.